असईसाठी दोन तुकड्यांचे निशाणदांडे : प्रकल्प नोंदी

९ मे २०२५ : माप आणि जोडाची जागा

असईच्या लढाईच्या मैदानी सादरीकरणासाठी चार दांडे करायचे आहेत. दोन ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या फौजेतल्या गोऱ्या पलटणींचे (७४ वी आणि ७८ वी), दोन शिंदे-भोसले या मराठा बाजूचे. लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात झालेली. सगळे दांडे दोन तुकड्यांत सुटले पाहिजेत. तीन मीटरची काठी जीपच्या टपावर पुढेमागे लोंबत गेली की टोकाचे पाते वाकते आणि लाकूड पट्ट्याखाली दबते.

ब्रिटिश पायदळाच्या निशाणाचे माप १७६८ च्या राजाज्ञेने ठरलेले आहे. कापड दांड्याला लागून ६ फूट, उडत्या बाजूला ६ फूट ६ इंच. दांडा ९ फूट १० इंच, म्हणजे २९९७ मिमी. यात वरचे भाल्याचे पाते आणि खालची शेंबी (बुडाची धातूची टोपी) दोन्ही धरलेली आहेत. लाकूडच ९ फूट १० इंच कापले की तयार दांडा सुमारे ९५ मिमी जास्त लांब होतो आणि छायाचित्रात ते लगेच डोळ्यांत येते. शेंड्यावर सिंह आणि मुकुट नको. तो प्रकार १८५८ नंतरचा, आणि निशाणेही त्याच सुमारास लहान झाली. बँडवाल्यांच्या दुकानात मिळणारे तयार शेंडे म्हणून बाद. इथे साधे पाते आणि त्याखाली किरमिजी-सोनेरी दोरी व गोंडे.

जोड नियमात नाही, तो आपल्या सोयीचा आहे. तेव्हा तो दिसता कामा नये, यावर तडजोड नाही. नशीब असे की कापड ६ फूट उंच आहे. शेंड्यापासून १७० मिमी सोडून नेफा (निशाणाची दांडा ओवायची शिवलेली पट्टी) सुरू केला तर तो बुडापासून साधारण १००० मिमीवर संपतो. जोडाची रेघ बुडापासून १४३५ मिमीवर धरली. सगळे पितळ १३१५ ते १६३५ मिमीच्या दरम्यान बसते, म्हणजे पूर्ण नेफ्याच्या आत. निशाणदाराचा हात नेफ्याच्या खाली असतो, त्यामुळे सर्वांत जास्त ताण जोडावर न येता हातापाशी अखंड लाकडावर येतो. याच मापात दोन्ही तुकडेही जवळपास सारखे होतात : वरचा १५६२ मिमी, खालचा बाहेर आलेल्या नळीसह १५६५ मिमी.

१२ मे : लाकूड

दांड्याचा व्यास सव्वा इंच, ३१.७५ मिमी. विलायतेत भाल्यांच्या काठ्यांना ॲश नावाचे लाकूड वापरत. तो इथे मिळत नाही आणि मागवण्यात अर्थही नाही. सागवान वजनाला त्याच्या अगदी जवळ आहे. धावडा कुऱ्हाडीच्या दांड्याला उत्तम, पण जड, आणि दीड मीटर सरळ धाग्याचा तुकडा मिळणे कठीण. बाभूळ वाळताना पिळते.

वखारीतल्या नव्या सागवानापेक्षा माळवद उतरवलेल्या जुन्या घराची तुळई चांगली. ती पन्नास-साठ उन्हाळे-पावसाळे खाऊन स्थिर झालेली असते. मात्र चिरण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधायचे. लोखंड असलेल्या जागी सागवानात काळा डाग पडतो आणि रंध्याचे पातेही जाते.

धागा तपासायची पद्धत : लाकडावर दाभणाने धाग्याच्या दिशेने ओरखडा ओढायचा, दाभण आपोआप धागा पकडते. एका मीटरमागे ओरखडा ४ सेंमीपेक्षा जास्त तिरपा गेला तर तो तुकडा बाद. तिरप्या धाग्याचा दांडा वाऱ्यात मधूनच लांब चिरफळी सोडून मोडतो, आणि ती चिरफळी निशाणदाराच्या मानेच्या उंचीवर असते. गाठ कितीही लहान असली तरी नको.

एका दांड्याला ३८ मिमी चौरस असे दोन तुकडे : खालचा १६५० मिमी, वरचा १४५० मिमी. खालच्याचे प्रत्यक्ष लाकूड १५६० लागते, वरच्याचे १३४२. बाकीचे लेथच्या पकडीसाठी आणि टोकाच्या चिरांसाठी.

१८ मे : चौकोनातून गोल

साध्या वर्कशॉपच्या लेथवर दीड मीटर लांब आणि इतके बारीक लाकूड कातता येत नाही. मध्ये ते थरथरते आणि लाटा उठतात. म्हणून दांडा रंध्याने, लेथ फक्त टोकांना.

आधी चारी बाजू ३४ मिमीवर काटकोनात. प्रत्येक बाजूवर दोन्ही कडांपासून १० मिमीवर रेघा. या रेघांपर्यंत कोपरे रंधले की अचूक अष्टकोन मिळतो. पुढे आठाचे सोळा नजरेने, आणि सोळाचा गोल काठीला आडव्या ओढलेल्या पॉलिश पेपरच्या पट्टीने, ८० नंबरपासून १८० पर्यंत. मापासाठी ६ मिमी प्लायमध्ये ३२ मिमीचे भोक पाडून ती चकती दांड्यावरून सरकवायची. जिथे अडेल तिथे पेन्सिलची खूण. अष्टकोन नीट झाला नाही तर नंतर कितीही घासा, दांडा अंडाकृतीच राहतो आणि नळी एका बाजूला फट दाखवते.

वरचा तुकडा निमुळता केलेला नाही. निमुळता दिसतो छान, पण नेफा वर ताणला जात नाही, कापड खाली घसरते.

२४ मे : जोडाचा विचार

या प्रकल्पातला खरा प्रश्न हा आहे, म्हणून सविस्तर.

बाजारात झेंड्याच्या काठीला जो जोड मिळतो त्यात एक नळी असते आणि दुसऱ्या तुकड्याचे लाकूड सोलून तिच्यात घुसवलेले असते. मराठवाड्यात हा जोड वर्षभर टिकत नाही. मेमध्ये इथले लाकूड ६-७ टक्के ओलाव्यावर येते, ऑगस्ट-सप्टेंबरात १४-१५ वर जाते. सागवान वलयांच्या दिशेने एका टक्क्यामागे सुमारे ०.२ टक्के फुगते, वलयांना आडवे त्याच्या निम्मे. २८.५ मिमीच्या लाकडाचा हिशेब केला तर एका दिशेने ०.४ मिमीपेक्षा जास्त आणि दुसरीकडे ०.२ मिमी फरक पडतो. म्हणजे मेमध्ये मऊसूत बसणारा जोड सप्टेंबरात ठोकूनही निघत नाही, आणि पावसाळ्यात बसवलेला जोड उन्हाळ्यात खडखडतो. शिवाय गोल राहत नाही. लाकूड पुन्हा घासून हे सुटत नाही, कारण पुढच्या ऋतूत ते परत बदलते.

म्हणून सरकणारी दोन्ही अंगे पितळेची. लाकूड फक्त नळ्यांच्या आत कायमचे बसलेले. पितळावर पितळ सरकते तिथे हवेच्या ओलाव्याचा काही संबंध राहत नाही.

एका दांड्याच्या जोडाचे सामान :

बाहेरची नळी सव्वा इंची, १६ गेज (आतून २८.५ मिमी), २०० मिमी आणि १२० मिमी असे दोन तुकडे. आतली नळी १⅛ इंची, १८ गेज (बाहेरून २८.५८, आतून २६.१ मिमी), १९० मिमी. ३ मिमी पितळी तार रिव्हेटसाठी, ८ मिमी पितळी गज ३० मिमी, एम४ चा चपट्या शंकू डोक्याचा पितळी स्क्रू एक.

दुकानदार १८ गेजची बाहेरची नळी देऊ करतो, ती स्वस्त पडते. घेऊ नये. तिच्यात आतली नळी ०.७ मिमी सैल बसते आणि शेंडा डुलतो.

नळी नळीत शिरण्याची लांबी १३० मिमी, व्यासाच्या चौपट. याहून कमी ठेवली की थोडासा सैलपणाही शेंड्यावर जास्त दिसतो.

२९ मे : पितळ तापवणे

ओढून काढलेल्या पितळी नळीत ताण अडकलेला असतो. त्यावर अमोनिया आणि दमट हवा मिळाली की नळी लांबीच्या दिशेने आपोआप तडकते, कुणी हात न लावता. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश लष्कराला हे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ साठवलेल्या काडतुसांत दिसले होते. कारण अमोनिया आहे हे १९२१ मध्ये प्रयोगांनी पक्के झाले. आपल्या सादरीकरणातही घोडे असतात आणि दांडे त्यांच्याच शेडमध्ये उभे राहतात.

उपाय : कापून झालेल्या नळ्या २६० ते ३०० अंश सेल्सियसला तासभर, नंतर हवेत थंड. पावडर कोटिंगची भट्टी २०० च्या आसपास चालते, ती पुरत नाही. उष्णतोपचाराच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्या मालाबरोबर ठेवून मिळते. याने पितळ मऊ पडत नाही, फक्त आतला ताण उतरतो. गॅसच्या बत्तीने लाल करू नये. तेवढ्याने नळी मऊ होऊन तोंडाशी दबते.

पुढे चकाकीसाठी बाटलीतले पॉलिशही नको, त्यातल्या बऱ्याच प्रकारांत अमोनिया असतो. चिंच लावून भरपूर पाण्याने धुणे पुरे.

५ जून : नळी बसवणे

आतली नळी २८.५८, बाहेरचे भोक २८.५०. तशी ती शिरणारच नाही, आणि हेच हवे. आतल्या नळीत सागवानाचा घट्ट ठोकळा घालून लेथवर धरली (रिकामी नळी चकमध्ये दबून तिकोनी होते) आणि एमरी पेपरने २८.४० पर्यंत उतरवली. आधी १२०, मग ४००. दर थोड्या वेळाने थांबून थंड करून मोजायचे. गरम पितळ जाड दाखवते आणि थंड झाल्यावर नळी सैल निघते. बाहेरच्या नळीचे भोकही सगळीकडे सारखे नसते, म्हणून शेवटचे माप व्हर्निअरवर न थांबता प्रत्यक्ष त्याच नळीत घालून घ्यायचे. बरोबर जमले की बोटाने वरचे तोंड बंद करून आतली नळी ओढल्यावर हवा धरल्यासारखी ओढ लागते. जोड्यांवर नंबर कोरले. एका दांड्याची नळी दुसऱ्यात घालायची नाही.

खालच्या तुकड्यासाठी आतली नळी १२० मिमीच्या बाहेरच्या नळीत ६० मिमी घालून डाख दिला. १३० मिमी बाहेर राहिली. नवसागराचा वापर केला असेल तर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवून काढणे अत्यावश्यक. नवसागर म्हणजे अमोनियाचेच क्षार.

८ जून : लाकडाचे खांदे

खालच्या तुकड्याचे लाकूड दोन पायऱ्यांनी उतरवले. ३१.७५ वरून २८.५ मिमी, ६० मिमी लांबीत. तिथून २६ मिमी, १९० मिमी लांबीत. एकदम ३१.७५ वरून २६ वर उतरणे सोपे, पण मोडणारे दांडे नेमके तिथेच मोडतात. वाकवणारा सगळा जोर त्या खांद्यावर येतो आणि तिथे पितळ नुकतेच सुरू झालेले असते, लाकूड एकटे पडते. दोन पायऱ्यांत पहिल्या खांद्याला २८.५ मिमी लाकूड मिळते, आणि दुसरा खांदा येईपर्यंत बाहेरच्या नळीने भार उचललेला असतो.

खांद्याचा कोपरा पटाशीने काटकोनात खोल कापायचा नाही. १ मिमी गोलाई ठेवून नळीच्या तोंडाला आतून तेवढीच धार मारायची. खांद्यावर चाकूची एक आडवी रेघ राहिली तरी चीर तिथूनच धरते.

वरच्या तुकड्याला एकच पायरी पुरते : २८.५ मिमी, ७० मिमी लांबीत. २०० मिमीच्या नळीतले उरलेले १३० मिमी मोकळे. मोकळी नळी वरच्या तुकड्यावरच ठेवली, तोंड खाली. उलट केले तर पावसाचे पाणी नळीत साठते आणि खालच्या लाकडात उतरते.

९ जून : चिकटवणे

तलवारीच्या मुठीत बसवतात तसा राळेचा लुकण लावायचा मोह होतो. इथे चालत नाही. उन्हात बंद जीपमध्ये राळ मऊ पडते आणि नळी फिरते. एपॉक्सी वापरले, पण तेही तशा उन्हात ढिले पडू शकते, म्हणून भार एपॉक्सीवर सोडलेला नाही. ते फक्त फट भरते. भार ३ मिमीच्या आरपार रिव्हेटवर : वरच्या तुकड्याला दोन, एकमेकांना काटकोनात, ३० मिमी अंतराने; खालच्याला एक, २८.५ मिमीच्या भागात. नळीला आतून ८० नंबरने ओरखडे, लाकडावर हवा निघायला एक लांब खाच. खाच नसेल तर आत कोंडलेली हवा नळीला हळूहळू परत बाहेर ढकलते आणि सकाळी खांद्यावर फट दिसते.

१४ जून : आडवा स्क्रू

वारा फिरला की निशाण दांड्याला पिळते आणि वरचा तुकडा गरागरा फिरतो. त्याला अडवायला स्क्रू. बाहेरच्या नळीच्या तोंडाला खाच कापून खिट्टी अडकवायची पद्धत टाळली, कारण नळीवर सर्वांत जास्त जोर तोंडाशीच येतो.

तोंडापासून ६५ मिमीवर आतल्या नळीत लाकडासकट आरपार ८ मिमी भोक, त्यात पितळी गज ठोकून दोन्ही बाजू कानसून सपाट. मग जोड पूर्ण बसवूनच ३.३ मिमी ड्रिल, आतल्या गजात एम४ चे आटे, बाहेरच्या नळीचे भोक ४ मिमीपर्यंत मोठे, आणि शेवटी शंकूसाठी काउंटरसिंक. नळीची जाडी १.६ मिमी, स्क्रूचे डोके २ मिमीपेक्षा जास्त. त्यामुळे शंकू आतल्या गजात थोडा उतरतोच, आणि त्यामुळेच जोड घट्ट धरतो. वेगवेगळे भोक पाडून नंतर जुळवायला गेले तर हे जमत नाही. डोके बोटाला लागले तर ते रेशमाला नक्की लागणार. कानसून सपाट करायचे, पण स्क्रूड्रायव्हरची खाच शाबूत ठेवून.

२२ जून : पाते, शेंबी, तेल

पाते पितळी ओतीव, एकूण १५० मिमी, त्यातली ६० मिमी खोबण. टोक आणि कडा २-३ मिमी गोल केल्या. गर्दीत दांडा आडवा होतो तेव्हा पाते समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. वजन ३०० ग्रॅमच्या आत. जड पाते दिमाखदार दिसते, पण निशाणदाराचे मनगट अर्ध्या तासात थकते. खालची शेंबी पितळी, तळ बंद, बाहेर ५ मिमी. तळ गोलसर ठेवला की काळ्या मातीचा गोळा कमी चिकटतो.

जवसाचे उकळलेले तेल तीन हात, दोन हातांत दोन-तीन दिवसांचे अंतर. चिंध्या घडी करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून किंवा उघड्यावर पसरून वाळवायच्या.

दांड्याचे वजन निशाणाशिवाय २.४ किलोच्या आसपास.

६ जुलै : मराठी बाजूचे दांडे

इथे राजाज्ञेचे माप नाही, कापडाच्या मानाने ३.५ मीटर धरले. मानवेल बांबू, जवळजवळ भरीव, दिवाळीनंतर हिवाळ्यात तोडलेला. त्या वेळी बांबूत पिष्ट कमी असते आणि भुंगेरा कमी लागतो. पावसाळ्यात तोडलेला बांबू वर्षभरात पिठासारखी भुकटी गाळू लागतो. तरीही १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक पावडर या द्रावणात ८-१० दिवस बुडवून सावलीत वाळवले. बाक आलेली पेरे मंद आचेवर गरम करून सरळ केली. साल काळी पडली की ताकद गेली असे समजायचे.

बांबू गोल नसतो, म्हणून पितळी नळीचा हिशेब इथे लागू नाही. २५० मिमी लोखंडी नळी, एका तुकड्यावर कायमची, दुसऱ्यासाठी १२५ मिमी मोकळी. दोन्ही टोकांना सुती दोऱ्याचे घट्ट आवळे सरस लावून, त्यावर कानसून गोलाई आणली. कापताना पेराची गाठ नळीच्या तोंडाच्या २०-३० मिमी आत यावे, नाहीतर बांबू तोंडाशी उभा फाटतो. नळीवर तांबड्या कापडाची पट्टी गुंडाळली. बांबूच्या फुगण्याला दोऱ्याचा थर जागा देतो, मात्र हा थर दरवर्षी नवा करावा लागतो.

१७ ऑगस्ट : भार चाचणी

मुद्दाम ओल्या महिन्यात. दांडा आडवा, बुडापासून १००० मिमीपर्यंत पक्का आवळलेला, नेफ्याच्या वरच्या जागी ५ किलो. हिशेबाने १७ ते २० सेंमी वाक अपेक्षित. भार काढल्यावर शेंडा पूर्वीच्या खुणेपासून ५ मिमीच्या आत परत आला पाहिजे. दांडा पाव-पाव फिरवून चारी बाजूंनी हेच. वाक जास्त पण परत येणारा असेल तर लाकूडच लवचीक आहे, चालेल. परत न येणारा वाक म्हणजे नळी लाकडावर हलली. रिव्हेट काढून पुन्हा बसवायचे. बारीक ‘टक्’ आवाज आला तर तो तुकडा थेट बाद, कितीही चांगला दिसत असला तरी. वाऱ्यात निशाण झटका देते तो या स्थिर भारापेक्षा वाईट असतो.

दोन्ही पितळी जोड चाचणीत बसले. लाकडाचा ओलावा १४ टक्के दाखवत असताना नळ्या जूनइतक्याच सहज सरकतात.

७ सप्टेंबर : निशाण चढवणे, बांधाबांध

दांड्याचा घेर १०० मिमी. नेफा सपाट ६० मिमी रुंद ठेवला. घट्ट नेफा जोडाच्या जागी अडतो आणि ओढताना रेशीम शिवणीशी उसवते. वर तीन पितळी चुका (बारीक खिळे), पात्याखाली लाकडात, जोडाच्या नळीत कधीच नाही. खाली फीत बांधून. पांढऱ्या कफांच्या ७४ व्या पलटणीचे पलटणी निशाण पांढऱ्यावर लाल क्रूस आणि वरच्या कोपऱ्यात ब्रिटिश युनियन झेंडा असे; ७८ वीचे कफ फिके पिवळसर बदामी, तिच्या निशाणाची पार्श्वभूमी त्याच रंगाची.

मैदानावर जोडण्याचा क्रम : आतली नळी कोरड्या फडक्याने पुसणे, मेणाचा हलका हात (तेल नाही, तेलाला धूळ धरते), नंबर जुळवणे, स्क्रू, मग निशाण. काळ्या रानात कणभर माती नळीत गेली तरी पितळ ओरबाडले जाते, म्हणून दोन्ही तोंडांना जाड कापडाच्या टोप्या शिवल्या आहेत. त्या जोडण्याच्या क्षणीच काढायच्या. सोबत एम४ चे चार जादा स्क्रू आणि दोन स्क्रूड्रायव्हर. परतल्यावर दांडे भिंतीला टेकवून न ठेवता आडव्या दोन खुंट्यांवर, तुकडे सुटे, टोप्या काढून.